लोकलची राखण कोणाच्या हाती?

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. कोणता विषय केंद्र सरकारचा, कोणता राज्याचा आणि कोणता दोघांच्या वाटणीचा, हे त्या याद्यांत लिहिले आहे. राज्याच्या यादीतली दुसरीच नोंद पोलिसांची. त्या नोंदीत कंस घालून म्हटले आहे की पोलीस म्हणजे रेल्वे पोलीस आणि गाव पोलीसही. म्हणजे आपल्या गावचा पोलीस पाटील आणि दादरच्या फलाटावर काठी घेऊन उभा असलेला रेल्वे पोलीस, या दोघांना घटनेने एकाच कंसात शेजारी शेजारी बसवले आहे. वाचून हसू येते खरे, पण त्या कंसाने एक मोठा पेच निर्माण करून ठेवला आहे. कारण रेल्वे स्वतः आहे केंद्राच्या यादीत, बाविसाव्या क्रमांकावर. रूळ केंद्राचे, गाडी केंद्राची, फलाट केंद्राचा. मात्र त्याच फलाटावर कोणाचा खिसा कापला, तर चोर पकडायचा राज्याने.

बांध एकाचा आणि पाट दुसऱ्याचा असला की काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. शहरातल्या रेल्वेची सुरक्षा ठरवण्याचे काम याच बांधावर बसून करावे लागते. या कामाविषयी वर्तमानपत्रात फारसे येत नाही. स्फोट झाला की बातमी येते, मंत्री भेट देतात, आणि मग पुढच्या प्रसंगापर्यंत सारे शांत. मधल्या काळात फायली कोण चालवतो, काय ठरते, कशावर घोडे अडते, ते कळत नाही. आपला त्याच्याशी काय संबंध, असेही वाटेल. पण डहाणू-पालघरचा बागायतदार, शहापूर-कसाऱ्याचा भाजीवाला, कर्जत-खोपोलीकडचा दूधवाला, आणि साताऱ्या-सांगलीहून कामासाठी मुंबईला गेलेले आपले पोरगे, हे सगळे त्याच लोकलने जातात. करोनाच्या साथीपूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज पाऊण कोटीच्या आसपास माणूस प्रवास करीत असे. दिवसाला तीन हजारांच्या वर फेऱ्या होतात. घरटी एक तरी माणूस या गर्दीत आहे म्हणा ना!

एका फलाटावर तीन गणवेश

मुंबईच्या स्थानकात उभे राहून नीट पाहिले, तर गणवेश एकाच प्रकारचा नाही हे ध्यानात येते.

पहिले रेल्वे सुरक्षा बल. हे केंद्राचे. १९५७ च्या कायद्याने ते उभे राहिले, तेव्हा त्याचे काम रेल्वेच्या मालमत्तेची राखण एवढेच होते. वॅगनमधले धान्य, लोखंड, तांब्याची तार चोरीला जाऊ नये म्हणून हे पहारेकरी. १९८५ साली त्याला केंद्राच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. प्रवाशांचे रक्षण हे काम कायद्याने त्याच्याकडे आले ते त्याहूनही उशिरा, २००३ च्या दुरुस्तीने. ती १ जुलै २००४ पासून अमलात आली. थोडक्यात, मालाची राखण आधी आणि माणसाची मागाहून, असा हा इतिहास आहे.

दुसरे लोहमार्ग पोलीस. हे राज्याचे. मुंबईत त्यांचे वेगळे आयुक्तालय आहे. चोरी, मारामारी, विनयभंग, खून, असा गुन्हा रेल्वेच्या हद्दीत घडला की तो येथे नोंदला जातो आणि तपासही हेच करतात. गंमत अशी की माणसे राज्याची असली तरी त्यांच्या मंजूर संख्येवरचा निम्मा खर्च रेल्वेने द्यायचा असतो. त्यामुळे दहा शिपाई वाढवायचे म्हटले तरी दोन सरकारांची मान डोलावी लागते.

तिसरे गृहरक्षक दलाचे जवान, आपले होमगार्ड. रात्रीच्या वेळी बायकांच्या डब्यात पोलिसांच्या जोडीला हे दिसतात. त्यांच्यात खेड्यातून आलेली मुले पुष्कळ.

मेट्रोचा प्रकार आणखी निराळा. दिल्लीची मेट्रो २००७ च्या एप्रिलपासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. मुंबईत २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मेट्रो सुरू झाली, तिथे महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान उभे राहिले. हे महामंडळ राज्याने २०१० च्या कायद्याने काढले. एकाच शहरात, घाटकोपरला एक जिना उतरून मेट्रोतून लोकलकडे आलो की राखणदार बदलतो, नियम बदलतो आणि तक्रारीची जागाही बदलते.

प्रवाशाला यातले काही ठाऊक नसते, आणि असण्याची गरजही नाही. पण पाकीट मारले गेले की त्याला हे सारे एका दिवसात शिकावे लागते. चोरी ठाण्याच्या आधी झाली की नंतर, गाडीत झाली की पुलावर, यावरून त्याला या चौकीतून त्या चौकीत पाठवत. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिले आहे की गुन्हा कोठेही घडला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने फिर्याद घेतली पाहिजे. हद्दीचा निवाडा त्यांनी नंतर आपसात करावा. ‘आमची हद्द नाही’ असे कोणी म्हटले तर ही गोष्ट त्याला ठामपणे सांगावी.

चिकूची करंडी

आता खऱ्या अडचणीकडे वळू.

११ जुलै २००६. मंगळवारची संध्याकाळ. पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड या पट्ट्यात सुमारे १९० माणसे मेली आणि आठशेहून अधिक जखमी झाली. स्फोटके प्रेशर कुकरमध्ये भरून डब्यात ठेवली होती, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते.

प्रेशर कुकर! ज्या वस्तूकडे कोणी वळूनही पाहणार नाही अशी ती वस्तू. लग्नाच्या आहेरात आलेला कुकर घेऊन माणूस लोकलमध्ये चढतोच. त्याच गाडीच्या मालडब्यात डहाणूकडचा शेतकरी चिकूच्या करंड्या रचतो, वसई-विरारची बाई भाजीची पाटी घेऊन बसते, फुलांची गाठोडी दादरच्या बाजारात निघालेली असतात, डबेवाले लाकडी खोक्यांत शेकडो डबे भरून नेतात. यातले काय उघडून पाहायचे आणि काय सोडायचे?

विमानतळावर हा प्रश्न येत नाही. तिथे चहूबाजूंनी कुंपण, मोजके दरवाजे, माणसे मोजकी आणि दोन तास आधी आलेली. ती तारेचे कुंपण घातलेली बाग आहे. लोकलचे स्थानक म्हणजे आठवड्याचा बाजार. त्याला पूर्वेकडून वाट, पश्चिमेकडून वाट, दोन-तीन पादचारी पूल, रिक्षातळाकडून एक जिना, आणि रुळातून चालत येणारे ते वेगळेच. बाजाराला फाटक बसवून राखण करता येत नाही.

तरीही प्रत्येक प्रसंगानंतर मागणी होते की सगळ्यांची झडती घ्या. धोरण ठरवणाऱ्या माणसाला तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. समजायला सोपे जावे म्हणून आपण आकडे धरू. एका मोठ्या स्थानकात सकाळच्या एका तासात साठ हजार माणसे आत येतात असे माना. एका माणसाची पिशवी यंत्रातून जायला सहा सेकंद लागतात असे माना. हे फार भरभर झाले. म्हणजे एका यंत्रातून तासाला सहाशे माणसे. साठ हजारांना शंभर यंत्रे हवीत. यंत्रामागे निदान तीन माणसे, आणि दोन पाळ्या. झाली सहाशे माणसे, एका स्थानकाला. शंभर यंत्रे ठेवायला जागा कोठे आहे? आणि समजा ठेवलीच, तर आत होणारी गर्दी आता दाराबाहेर रस्त्यावर उभी राहील. ज्याला घात करायचा आहे त्याला गाडीत शिरण्याचीही गरज उरणार नाही. रांगच त्याच्या हाती लागली.

दिल्लीच्या मेट्रोत प्रत्येकाची झडती होते आणि पिशव्या यंत्रातून जातात, ते जमते कारण मेट्रोची स्थानके बांधतानाच आत यायच्या वाटा मोजक्या ठेवल्या आणि तिकिटाचे फाटक बसवले. बांधकामाच्या वेळी सुरक्षेचा विचार केला तर तो स्वस्तात होतो. शंभर-दीडशे वर्षांच्या जुन्या स्थानकाला तो मागाहून चिकटवावा लागतो. विहीर खणताना पायऱ्या ठेवल्या तर ठेवल्या, नंतर त्या पाण्यात उतरून बांधाव्या लागतात, तसे हे आहे.

मग उरते काय? निवड. सगळ्यांना थोडे थोडे तपासायचे, की थोड्यांना नीट तपासायचे? २००८ नंतर मुंबईच्या बऱ्याच स्थानकांत धातू ओळखणाऱ्या चौकटी उभ्या राहिल्या. माणूस त्यातून जातो, चौकट ओरडते, आणि कोणी मान वळवूनही पाहत नाही. ही यंत्रे पाहून मला बुजगावण्याची आठवण येते. पहिले दोन दिवस पाखरे बिचकतात, तिसऱ्या दिवशी त्याच्याच डोक्यावर येऊन बसतात. त्यापेक्षा श्वानपथक घेऊन आज या स्थानकात, उद्या त्या स्थानकात, कोणालाही आधी न सांगता जाणे अधिक उपयोगाचे, असे या क्षेत्रातली जाणती माणसे मानतात. रेल्वेने देशातील २०२ महत्त्वाच्या स्थानकांसाठी जी एकत्रित सुरक्षा योजना आखली, तिच्यात कॅमेरे, येण्या-जाण्याच्या वाटांवर नियंत्रण, सामानाची तपासणी आणि स्फोटके शोधणे हे सारे एकत्र धरले आहे. कागदावर ती चांगली आहे. पण बाजाराला फाटक कसे बसवायचे हा प्रश्न तिच्याही पुढे उभा आहे.

टिपणीपासून शासन निर्णयापर्यंत

धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठी सभा, मोठे टेबल येते. प्रत्यक्षात ते एका कागदापासून सुरू होते. त्या कागदाला म्हणतात टिपणी.

समजा, रात्री नऊनंतर बायकांच्या प्रत्येक डब्यात एक पोलीस हवा, असा प्रस्ताव लोहमार्ग पोलीस आयुक्तांकडून निघाला. तो पोलीस महासंचालकांच्या कार्यालयातून मंत्रालयात गृह विभागाकडे येतो. तेथे सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो: आज माणसे किती, गाड्या किती, प्रत्येक गाडीत बायकांचे डबे किती, सुट्ट्या आणि आजारपण धरून प्रत्यक्षात किती जण हजर राहतात. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असे करीत ती वर चढते. खर्च आला म्हणजे वित्त विभाग आला. वित्त विभाग विचारतो, निम्मा वाटा रेल्वे देणार असे लेखी आहे का? पत्र रेल्वेकडे जाते. रेल्वे म्हणते, कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय आहे, आधी तुम्ही आकृतिबंध मंजूर करा. पत्र परत येते. शेवटी निघतो तो शासन निर्णय, आणि भरती, प्रशिक्षण होऊन शिपाई डब्यात उभा राहीपर्यंत आणखी वर्ष-दीड वर्ष.

सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करायला तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार असे हेलपाटे ज्याने घातले आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की येथे उशीर झाला तर त्या मधल्या रात्री कोणाची तरी मुलगी त्या डब्यात एकटी बसलेली असते. ऑक्टोबर १९९८ मध्ये अशाच एका तरुणीने बायकांच्या डब्यात चोराला प्रतिकार केला, तेव्हा त्याने तिला धावत्या गाडीतून ढकलून दिले. तिचे दोन्ही पाय गेले. त्या प्रसंगाने मुंबई हादरली आणि रात्रीच्या डब्यात पोलीस ठेवण्याचा विषय ऐरणीवर आला. टेबलावर टिपणी लिहिणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते. नसले तर असायला हवे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची चौकशी समिती नेमली. व्ही. बालचंद्रन हे तिचे दुसरे सदस्य. समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. मुंबई शहरात जागोजागी कॅमेरे बसवावेत असे त्यात होते. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. शहरातले हे कॅमेरे पुरते सुरू व्हायला २०१६ उजाडले. सात वर्षे! दरम्यान पहिलीतले पोर सातवी पास झाले.

ध्वनिक्षेपकावरचा आवाज

त्या २६ नोव्हेंबरच्या रात्री आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दोघे जण बंदुका घेऊन शिरले आणि पन्नासहून अधिक निरपराध माणसे मारली गेली. लांबच्या गाड्यांची वाट पाहत सामानावर डोके टेकून बसलेली ती माणसे होती. लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथे धारातीर्थी पडले. रेल्वे सुरक्षा बलाचे जवान जिल्लू यादव यांनी जुन्या बंदुकीने मुकाबला केला.

आणि आणखी एक माणूस. त्याच्या हातात शस्त्र नव्हते. विष्णू झेंडे हे त्या वेळी स्थानकावरचे उद्घोषक होते. गाड्यांच्या वेळा सांगणे हे त्यांचे काम. काहीतरी भयंकर घडते आहे हे ध्यानात येताच ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले की तिकडे जाऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. लोकलमधून उतरणारे कितीतरी प्रवासी त्या आवाजावर विसंबून दुसरीकडे वळले आणि वाचले. गोळ्या त्यांच्या खोलीच्या दिशेनेही आल्या.

ही हकीकत शौर्याची म्हणून सांगतात, आणि तशी ती आहेच. पण सुरक्षेचे धोरण आखणाऱ्याने ती दुसऱ्या अंगाने वाचली पाहिजे. उद्घोषकाची खोली वर होती, त्यामुळे त्याला खाली काय चालले आहे ते दिसले. ध्वनिक्षेपक चालू स्थितीत होता. आणि सांगायचे काय, हे त्याला कोणाला विचारावे लागले नाही. यातली एक गोष्ट नसती तरी मोठा घात झाला असता. शंभर चौकटींच्या खर्चात किती स्थानकांचे ध्वनिक्षेपक नीट होतील, किती उद्घोषकांना अशा वेळचे प्रशिक्षण देता येईल, हा हिशेब कोणीतरी टिपणीत मांडावा लागतो.

कॅमेऱ्याबद्दलही हेच. कॅमेरा गोळी अडवत नाही. पण त्या रात्रीचे स्थानकातले चित्रण आणि छायाचित्रकारांनी टिपलेली छायाचित्रे न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली, आणि जिवंत पकडलेल्या मारेकऱ्याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. उलट २००६ च्या स्फोटांचा खटला पाहा. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशीची शिक्षा दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले. एकोणीस वर्षांनी मेलेल्यांच्या घरच्यांच्या हाती काय राहिले? पंचनामा कसा झाला, वस्तू कशा जपल्या, साक्षीदार कधी तपासला, हीदेखील रेल्वे सुरक्षेचीच बाब आहे. तिच्यासाठी पैसा मागणारी टिपणी मात्र क्वचित लिहिली जाते, कारण पुराव्याच्या खोलीचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

बॉम्बपेक्षा जिना

सुरक्षा हा शब्द निघाला की बॉम्ब आठवतो. पण आकडे वेगळेच सांगतात. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावर अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून. दिवसाला सरासरी सात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. कोणी घातपात केला नव्हता. जिना रुंद नव्हता इतकेच. मग मात्र लष्कराला बोलावून तेथे नवा पूल बांधला गेला आणि पाच महिन्यांत तो उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर होते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ वळणावर दोन खचाखच भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या, दारात लोंबकळणारी माणसे खाली पडली आणि काही जण दगावले. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले.

दारात उभे राहणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे, गावाकडून नव्याने गेलेल्या मुलांना तो आवर्जून सांगून ठेवा. मुंबईत त्याला ‘फटका’ म्हणतात. रुळाकडेच्या खांबावर किंवा भिंतीवर काठी घेऊन चोर टपून बसतो. गाडीचा वेग कमी झाला की दारात मोबाइलवर बोलणाऱ्याच्या हातावर सपकन काठी मारतो. मोबाइल खाली पडतो, आणि कधीकधी माणूसही. पोरांचे हात-पाय गेले आहेत, जीव गेले आहेत. आता येथे उपाय कोणाचा? भिंत उंच करायची रेल्वेने, गस्त घालायची सुरक्षा बलाने, चोर पकडायचा लोहमार्ग पोलिसांनी आणि रुळालगतची वस्ती महापालिकेच्या हद्दीत. चारांची बैठक कोणी बोलवायची, याचाच निर्णय करायला धोरण लागते.

पळून आलेली पोरे

एक बाजू अशी आहे की जिच्याबद्दल आपल्या घरांत बोलले पाहिजे. परीक्षेत नापास झाला, बापाने मारले, सिनेमाचे वेड लागले, आणि पोर रात्रीच्या गाडीने मुंबईला पळाले. ते उतरते कोठे? स्थानकात. पहिले काही तास ते फलाटावरच असते, आणि त्या तासांत त्याला चांगला माणूस आधी भेटतो की वाईट, यावर पुढचे आयुष्य ठरते. मुले पळवणारे हे जाणून असतात. म्हणून रेल्वे मंत्रालयाने २०१५ मध्ये अशा मुलांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली: मूल एकटे दिसले की काय करायचे, कोणाला कळवायचे, बालकल्याण समितीपुढे कसे न्यायचे. रेल्वे सुरक्षा बलाने २०१८ ते मे २०२४ या काळात देशभरात चौऱ्याऐंशी हजारांवर मुले अशी सोडवली.

या कामाला ना यंत्र लागते ना बंदूक. गर्दीत एकटे बसलेले पोर ओळखण्याची नजर लागते. आपले मूल हरवले तर थांबू नका. रेल्वेचा १३९ हा क्रमांक प्रवासाच्या सर्व तक्रारींसाठी आहे. सुरक्षेसाठी पूर्वी असलेला १८२ हा क्रमांक २०२१ मध्ये त्यातच मिसळला. मुलांसाठी १०९८ वेगळा आहे.

या कामात यायचे तर

आपल्या घरातल्या मुला-मुलींना या क्षेत्रात वाट आहे का? आहे, आणि ती एक नाही.

दहावी झालेल्याला रेल्वे सुरक्षा बलात शिपाई म्हणून जाता येते आणि पदवीधराला उपनिरीक्षक म्हणून. २०२४ च्या भरतीत दोन्ही मिळून ४,६६० जागा होत्या, त्यांत उपनिरीक्षकांच्या ४५२. रोज पहाटे धावणाऱ्या आपल्या मुलांना राज्याच्या पोलीस भरतीची तारीख पाठ असते, पण या भरतीकडे लक्ष कमी जाते. ती रेल्वेकडून निघते. लोहमार्ग पोलिसांत जायचे तर मात्र राज्याच्या पोलीस भरतीचीच वाट, तेथे लोहमार्गाच्या जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात.

वरच्या पदासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. तिच्यातून भारतीय रेल्वे सुरक्षा बल सेवेत अधिकारी निवडले जातात. आणि ज्याला गणवेशापेक्षा लेखणी जवळची, त्याने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची सहायक कक्ष अधिकारी पदाची परीक्षा द्यावी. गृह विभागात नेमणूक झाली तर वर सांगितलेली टिपणी त्याच्या हातून लिहिली जाईल. या पदाला दिवा नाही, गाडी नाही, गावात मिरवता येईल असे काही नाही. पण डब्यात पोलीस किती, जिना किती रुंद, आवाज पोहोचतो की नाही, याचा पहिला मसुदा त्याच्याच अक्षरात असतो.

अशा नोकरीत गेलेल्या खेड्यातल्या मुलाला एक गोष्ट आयती मिळते. जत्रेत गर्दी कोठे तुंबते, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या कोठे अडतात, पाणवठ्यावर परका माणूस कसा ओळखू येतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. मंत्रालयापासून चर्चगेट पायी पंधरा मिनिटांवर आहे. संध्याकाळी साडेसहाला फाइल मिटून त्याने तेथल्या फलाटावर अर्धा तास उभे राहावे. मग दुसऱ्या दिवशी टिपणी लिहायला घ्यावी.